औसा ते समुद्र: गॅलापॅगोस पाठ आहे, पण बेट कधी पाहणार?

नागपूर-रत्नागिरी महामार्ग औशातून जातो. नागपूरहून निघालेला हा रस्ता पुढे तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर करत थेट रत्नागिरीच्या किनाऱ्याला जाऊन थांबतो. म्हणजे औशातल्या मुलांच्या दारावरून जाणारा रस्ताच समुद्राला मिळतो. अंतर मात्र चारशे किलोमीटरहून जास्त. त्यामुळे बारावी होईपर्यंत समुद्र न पाहिलेली मुलं इथे सापडणं अजिबात अवघड नाही.

गंमत अशी की हीच मुलं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या बेटांविषयी भरपूर जाणतात. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा धडा आहे. त्यात गॅलापॅगोस बेटांवरचे फिंच पक्षी आहेत, त्यांच्या वेगवेगळ्या चोची आहेत. 'नीट'च्या तयारीत हा भाग घोटून घेतला जातो. 'लातूर पॅटर्न'मध्ये वाढलेला विद्यार्थी चार पर्यायांतून बरोबर उत्तर काही सेकंदांत निवडतो. पण चोच, बिया आणि बेट यांचा संबंध डोळ्यांनी पाहून समजून घेण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते.

मग बेटांवरच्या निसर्गाचा अभ्यास करायला जायचं, तर औशाच्या विद्यार्थ्याला काय शक्य आहे?

डार्विनकडून झालेली चूक

१८३५ मध्ये चार्ल्स डार्विन गॅलापॅगोसला पोहोचला, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. तिथे तो जेमतेम पाच आठवडे राहिला. त्याने पक्षी गोळा केले, पण कोणता फिंच कोणत्या बेटावरचा, याची नोंद नीट ठेवली नाही. तिथल्या एका अधिकाऱ्याने त्याला सांगितलं होतं की कासव पाहिलं की ते कोणत्या बेटावरचं हे ओळखता येतं. डार्विनने सुरुवातीला त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पुढे १८३७ मध्ये लंडनमध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गुल्ड यांनी हे पक्षी एकमेकांचे नातलग असले तरी वेगवेगळ्या जातींचे आहेत, असं सांगितलं. तेव्हा डार्विनला जहाजावरच्या इतरांनी जमवलेल्या पक्ष्यांवरून बेटांचा माग काढावा लागला.

जागच्या जागी नोंद करणं का महत्त्वाचं असतं, हे या किश्शावरून कळतं. उत्तरपत्रिकेत मात्र त्याला एकही गुण नाही.

आज गॅलापॅगोसला जाणं आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी कल्पनेपलीकडचं आहे. विमानभाडं सोडा, परदेशी पर्यटकासाठी नुसतं प्रवेशशुल्कच ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर झालंय. त्यामुळे तो विषय इथेच सोडलेला बरा. कारण भारताकडे स्वतःची बेटं आहेत.

सेल्युलर जेलच्या पलीकडचं अंदमान

मराठी माणूस अंदमानला जातो तो मुख्यतः सेल्युलर जेल पाहायला. सहलींचं वेळापत्रकही त्याभोवतीच आखलेलं असतं. पण पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) जवळच वंडूर आहे. तिथे १९८३ मध्ये जाहीर झालेलं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, प्रवाळ आहेत, खारफुटी आहे. वंडूरजवळच 'अंदमान निकोबार एन्व्हायर्नमेंट टीम'चं संशोधन केंद्र आहे. मद्रास क्रोकोडाइल बँकेच्या पुढाकारातून ते उभं राहिलं. देशभरातले तरुण संशोधक इथे राहून काम करतात. त्यांना जंगल आणि समुद्र शिकवणाऱ्यांमध्ये कॅरेन समाजातले स्थानिक सहकारी आहेत, हे विशेष.

बेटांवर असं वेगळं काय असतं? नारकोंडम धनेश हा पक्षी जगात फक्त एका बेटावर आढळतो आणि ते बेट सुमारे सात चौरस किलोमीटरचं आहे. औसा तालुक्यातल्या दोन-तीन गावांचं शिवार एकत्र केलं तरी त्याहून मोठं भरेल. निकोबारचा मेगापोड तर अंडी उबवतच नाही. तो वाळू आणि पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी पुरतो आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेवर पिल्लं तयार होतात. शेणखताच्या उकिरड्यात हात घातलेल्या मुलाला ही उष्णता वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

जायचं कसं? चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजं आहेत. विमान जलद, पण महाग. चेन्नईहून जहाजाला तीन दिवसांच्या आसपास लागतात. भारतीयांना पोर्ट ब्लेअरला परवाना लागत नाही. मात्र आदिवासी राखीव क्षेत्रांत १९५६ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय पाऊल ठेवता येत नाही. तो नियम योग्यच आहे. जारवांना गाडीच्या काचेतून पाहणं याला अभ्यास म्हणत नाहीत.

किल्लारी आणि ग्रेट निकोबार

या बेटांची आज चर्चा आहे ती वेगळ्याच कारणाने. ग्रेट निकोबारवर मालवाहू बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवं शहर उभारण्याच्या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवलं जाणार आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीजवळ भारताचं बंदर असणं सामरिकदृष्ट्या गरजेचं आहे आणि पर्यावरणाची काळजी घेतली जाईल, असं सरकार म्हणतं. पण बंदराची जागा आहे गॅलाथिया खाडी. समुद्री कासवांतलं सगळ्यात मोठं, लेदरबॅक कासव जिथे अंडी घालतं, तोच हा किनारा. इथलं अभयारण्य २०२१ मध्ये रद्द झालं. तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावण्यासाठी जागा सुचवली गेली ती हरियाणात. विषुववृत्ताजवळच्या सदाहरित जंगलाची भरपाई अरवलीच्या बाजूला होते का, हा प्रश्न बारावीच्या मुलालाही विचारता येईल.

औसा तालुक्याला यातला एक धागा फार जवळचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने उद्ध्वस्त झालेलं किल्लारी याच तालुक्यातलं. तोवर हा भूभाग स्थिर समजला जायचा. ग्रेट निकोबार तर दोन भूपट्टांच्या सीमेजवळच आहे. २००४ च्या भूकंपात बेटाचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून जास्त खचलं. त्सुनामीत कासवांचे किनारे वाहून गेले आणि काही वर्षांत वाळू पुन्हा साचली, कासवं परतली. जमीन हलते म्हणजे काय, हे आजी-आजोबांकडून ऐकलेल्या मुलांनी तिथला प्रकल्प अहवाल वाचला, तर ती त्यात नेमकं काय शोधतील?

कमी खर्चात काय जमेल?

खरा उपाय मधला आहे आणि तो कोकणात आहे. शालेय सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते. सिंधुदुर्ग किल्ला हे स्वतःच एक बेट आहे आणि भोवतीचं मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर भारतीय पाकोळीची वसाहत आहे. तिच्या घरट्यांच्या चोरीविरुद्ध चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने काम केलंय. त्या बेटांवर सहल न्यायची गरज नाही. किनाऱ्यावर बसून ती गोष्ट ऐकली तरी पुरे.

याच संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून कासव संवर्धन रुजवलं. अडचण एवढीच की पिल्लं समुद्रात जातात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, म्हणजे नेमकी बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत. दहावी-बारावीच्या मुलांना ते जमणं अवघड आहे. आठवी-नववीच्या मुलांना जमेल.

शाळा घाबरतात, त्यालाही कारण आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर अनेक मुख्याध्यापकांना समुद्राचं नाव काढलं तरी नको वाटतं. पण किनाऱ्यावरचा अभ्यास पाण्यात उतरून होत नाही, तो ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर होतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, त्याच दिवशी ओहोटीही खोलवर जाते आणि एरवी पाण्याखाली असलेले खेकडे, शंख, समुद्रफुलं उघडी पडतात. सोबत भरती-ओहोटीच्या वेळा माहीत असलेला गावातला माणूस हवाच, आणि पाणी वळायच्या आत सगळ्यांनी परत फिरायचं.

तयारी औशातच सुरू करता येते. मॅकआर्थर आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडलं की बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून लांब, तितक्या त्यावर जाती कमी. पुढे अभ्यासकांनी हाच विचार जंगलाच्या आणि गवताळ रानाच्या तुकड्यांना लावला. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. ऊस-सोयाबीनच्या समुद्रात उरलेली गायरानं, माळरानं, तलाव ही इथली बेटंच. दोन गायरानं निवडायची, एक मोठं आणि एक लहान, आणि वर्षभर तिथले पक्षी मोजायचे. तारीख, वेळ, ठिकाण लिहायचं. डार्विनने राहून दिलेलं तेवढं करायचं.

मग ती वही घेऊन कोकणात जायचं. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली असते, ओहोटी मोठी असते आणि बोर्डाची परीक्षा अजून तीन महिने लांब असते.