बाहुलीची शिलाई

सणासुदीला ब्लाउज न्यायला आलेलं गिऱ्हाईक जाता जाता म्हणतं, “उरलेल्या तुकड्यात मुलीच्या बार्बीलाही काहीतरी शिवून द्या ना, ताई.” आंबिवली-मोहन्यात घरी मशीन मांडून बसलेल्या आपल्या बहुतेक भगिनी ते हसत शिवून देतात. फुकट. या महिन्यात त्याबद्दलच बोलायचं आहे.

9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात बार्बी आली. बेतलेली होती जर्मनीच्या लिली या बाहुलीवरून. बार्बीच्या जनक म्हणून रूथ हँडलर यांचं नाव सगळे घेतात. आपण शिवणाऱ्यांनी मात्र शार्लट जॉन्सन हे नाव लक्षात ठेवावं. बार्बीचे पहिले कपडे त्यांचे. त्यासाठी त्या जपानला जाऊन राहिल्या आणि तिथल्या बायकांनी, बऱ्याच जणींनी घरी बसून, ते इवलेसे कपडे शिवले. तेव्हा बाहुली 3 डॉलरला, कपडे वेगळे, 1 ते 5 डॉलरला. बाहुली एकदाच खपते, कपडे वर्षानुवर्षं. धंदा उभा राहिला तो शिलाईवर!

आणि ही शिलाई सोपी नाही. बाहुली जेमतेम 29 सेंटिमीटर, बाईच्या एक षष्ठांश. साडेपाच मीटरची साडी तिला 92 सेंटिमीटरची होते. कापडाची जाडी मात्र तेवढीच राहते. निऱ्या पोटावर फुगतात, अस्तर लावलं की कंबर हरवते. बार्बीची कंबर इतकी बारीक ठेवण्यामागे कपड्यांचे थर हे एक कारण सांगितलं जातं, ते आपल्याला चटकन पटावं. मुंढा एवढासा, की बाजू बंद करण्याआधीच बाही लावून घ्यावी लागते. पाठ पूर्ण उघडी ठेवून टिचबटणं लावायची, नाहीतर हात आत जातच नाहीत. मऊ रेयॉन इथे बरं पडतं. ते सूत 2009पर्यंत आपल्या मोहन्याच्या एनआरसी (नॅशनल रेयॉन) कारखान्यात निघत होतं, हे नव्या मुलींना ठाऊकही नसेल.

भारतात बार्बीला साडी नेसवली गेली, पण अंगकाठी तीच राहिली. देशीपण सगळं कापडावर सोपवलं होतं. 2024च्या दिवाळीत मुंबईच्या फॅशन डिझायनर अनिता डोंगरे यांनी तिला लेहंगा, चोळी आणि कोटी दिली, तेव्हा बातमी झाली ती कपड्यांची.

तेव्हा दरफलकावर एक ओळ वाढवा: बाहुलीचे कपडे. मोठ्या ब्लाउजच्या निम्मी शिलाई घ्या, आणि उरलेला तुकडा गिऱ्हाइकाला परत द्या.