‘भो, जास्त विचार नको करू’

मेल्यानंतर काहीच नसेल, तर ते ‘काहीच नाही’ कधीच संपणार नाही. काहीतरी असेल, तर तेही संपणार नाही. रात्री दिवा बंद झाला की हा विचार येतो आणि छातीत धडधडायला लागतं. मला हे होतं. जळगाव-धुळ्यात खोली करून राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या काही पोरापोरींनाही होतं. इंग्रजीत याला ‘एपिरोफोबिया’ असं नाव आहे. आपल्याकडे याला फक्त उत्तर आहे : ‘भो, जास्त विचार नको करू.’

माझं भांडण या उत्तराशी आहे.

ही भीती मोबाइलने आणलेली नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून आपल्या आज्या हात जोडत आल्या. तो फेरा न संपण्याचाच होता. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पास्कालने विश्वाच्या मुक्या, अफाट पसाऱ्याची धास्ती लिहून ठेवली. तोही जास्तच विचार करत होता.

आणि हे उत्तर द्यायला आपण खानदेशी तर अजिबात मोकळे नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला. त्याला 1207 साली दान मिळालं. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्नही मठाला दिलं, हे त्या काळच्या मराठीत कोरलंय. म्हणजे इथला बाजार या विचारांचा खर्च उचलत होता.

त्या ग्रंथांत अनंत आहे. शून्याने भागून येणाऱ्या राशीला भास्कराचार्य ‘खहर’ म्हणतात. तिच्यात कितीही मिळवा, कितीही वजा करा, ती बदलत नाही. जशी सृष्टी उपजली काय किंवा बुडाली काय, परमेश्वरात फरक पडत नाही. शून्याने भागणं आजचं गणित मानत नाही. पण अनंतात भर घालूनही ते तेवढंच राहू शकतं, हे एकोणिसाव्या शतकात कँटरने पक्कं केलं. वर काही अनंतं इतरांपेक्षा मोठी असतात, हेही दाखवलं.

मला यातून एक गोष्ट मिळाली. भीतीत आपण वर्षं मिळवत बसतो : हजार, लाख, कोटी, आणि तरीही पुढे आहेच. खहर सांगतो, इथे मिळवून काही होत नाही. अनंत म्हणजे फार लांबलेली वाट बघणं नव्हे. एवढं कळल्यावर भीती गेली नाही, पण मोजणं थांबलं.

आपण मात्र भास्कराचार्यांचा फॉरवर्ड केला. ग्रुपवर अभिमान, आणि वर्गात ‘शून्याने भागायचं नसतं, पुढचं गणित घ्या.’

कोणी म्हणेल, विचाराने त्रास वाढतो. झोप, जेवण उडालं असेल तर डॉक्टरकडे जा, त्यात लाज कसली? पण दाबलेला विचार रात्री परत येतोच, आणि तेव्हा तो एकट्याने झेलावा लागतो. म्हणून सरांनी एक तास खहरला द्यावा. घरच्यांनी ‘काय येतं रे मनात?’ एवढं तरी विचारावं, आणि उत्तर पूर्ण ऐकावं.