आधी पूर्ण बैठक, मग वजन




आपल्या शाळेतील वरच्या वर्गांची बरीच मुले आता संध्याकाळी जिममध्ये जातात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण मधल्या सुट्टीत त्यांच्या गप्पा कानावर पडतात, त्यात एकच प्रश्न असतो, "तू किती किलो मारतोस?" बैठक मारताना किती खाली बसतोस, हे कोणी कोणाला विचारत नाही. खांद्यावर साठ किलो आणि गुडघे जेमतेम वाकलेले! दुसरीकडे काही पालक चिठ्ठी पाठवतात की आमच्या मुलाला पूर्ण बैठका मारायला लावू नयेत, गुडघे खराब होतात. मुलांची हौस खरी आहे आणि पालकांची काळजीही खरी आहे. तरीही दोघांनी काही गोष्टी समजून घ्याव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाय भरावेत, मांड्या मजबूत व्हाव्यात असे वाटत असेल, तर बैठक किती खोल आहे याला महत्त्व आहे. जपानमधील संशोधक केइतारो कुबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याची पद्धतशीर तपासणी प्रसिद्ध केली. तरुणांचे दोन गट केले. एका गटाने गुडघा १४० अंशांपर्यंत वाकवून पूर्ण बैठका मारल्या, दुसऱ्याने ९० अंशांवर थांबून अर्ध्या. दहा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, खांद्यावर वजन घेऊन. शेवटी स्नायूंचे आकारमान मोजले. मांडीच्या पुढच्या बाजूचे, गुडघा सरळ करणारे स्नायू दोन्ही गटांत जवळपास सारखेच वाढले : ४.९ आणि ४.६ टक्के. खरा फरक दिसला तो इतरत्र. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू पूर्ण बैठकीने ६.२ टक्के वाढले, अर्ध्या बैठकीने २.७ टक्के. नितंबांचे स्नायू ६.७ टक्के, तर अर्ध्या बैठकीने केवळ २.२ टक्के.

कारण समजण्यासारखे आहे. आपण पूर्ण खाली बसतो तेव्हा हे स्नायू चांगले ताणले जातात, आणि त्या ताणलेल्या स्थितीतूनच त्यांना सारे शरीर वर उचलावे लागते. अर्ध्यावर थांबणाऱ्याच्या या स्नायूंना तो कठीण भाग करावाच लागत नाही.

आणि जे अर्ध्यापर्यंतही जात नाहीत त्यांचे काय? २०१३ मध्ये युरोपात झालेल्या एका अभ्यासात ६० अंशांपर्यंतची उथळ बैठक आणि १२० अंशांपर्यंतची खोल बैठक यांची बारा आठवडे तुलना केली गेली. खोल बैठकीने मांडीचा पुढचा भाग मोजलेल्या प्रत्येक ठिकाणी वाढला. उथळ बैठकीने तो फक्त वरच्या भागात वाढला. म्हणजे साठ किलोचा आकडा सांगणाऱ्या मुलाला मेहनत पूर्ण पडते, फळ मात्र अर्धेच मिळते.

आता पालकांच्या काळजीविषयी. खोल बैठकीने गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात, हे मत १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील कार्ल क्लाइन यांच्या अभ्यासामुळे जगभर पसरले. पुढच्या संशोधकांना त्याला दुजोरा मिळाला नाही. निरोगी गुडघ्यांनी, योग्य पद्धतीने आणि हळूहळू वाढवत नेलेली पूर्ण बैठक धोक्याची नाही, असेच नंतरच्या आढाव्यांत म्हटले आहे. उलट अर्ध्या बैठकीत वजन जास्त पेलता येते, म्हणून मुले ते वाढवत जातात आणि भार पाठीच्या कण्यावर व गुडघ्यांवर येतो. ज्याचा गुडघा दुखतो त्याने मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. तिथे हट्ट नको.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. हे प्रयोग लहान गटांवर झाले आणि त्यातले लोक वयाने तुमच्याहून मोठे होते. पाचवी-सहावीच्या मुलांचे स्नायू व्यायामाने फारसे मोठे होत नाहीत. त्या वयात ताकद वाढते ती मुख्यतः शरीराला हालचाल नीट जमू लागल्यामुळे. म्हणूनच पूर्ण बसायची सवय त्याच वयात लागली पाहिजे. दुसरे, नुसत्या बैठकांनी पाय सर्व बाजूंनी भरत नाहीत. कुबो यांच्या प्रयोगात मांडीच्या मागचे स्नायू दोन्ही गटांत वाढले नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा व्यायाम लागतो.

विद्यार्थ्यांनी सुरुवात अशी करावी. पाय खांद्यांइतके फाकवून उभे राहा, पंजे किंचित बाहेर. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे पंज्यांच्या दिशेने. हळू खाली बसा, तळाशी आदळू नका, मग उठा. तोल जात असेल तर खिडकीचा गज धरा. दहा-बारा बैठकांचे तीन फेरे, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये विश्रांती. हे सहज जमू लागले की दप्तर छातीशी धरून करा. स्नायू वाढायचे तर हळूहळू भार वाढवावाच लागतो, पण खोली कमी करून वाढवलेला भार मोजू नका. हे मुलींसाठीही तितकेच आहे.

विश्वस्त मंडळापुढे व्यायामशाळेसाठी यंत्रे घेण्याचा विचार आहे. माझी नम्र सूचना आहे की पहिला खर्च जाणकार प्रशिक्षकावर व्हावा. ग्वाल्हेरमध्ये १९५७ साली सुरू झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे. तिथे शिकलेला माणूस शोधायला दूर जावे लागणार नाही. सोबत चटया, एक हलका दांडा आणि थोडी वजने एवढे पुरेल. यंत्रे नंतरही घेता येतील. दहा वर्षांच्या मुलाची लवचीकता मात्र आपली वाट पाहत थांबत नाही.

शेवटी एक. माझे शिक्षण हिंदीतून झाले. तिकडे व्यायामाला दंड-बैठक म्हणतात आणि शिक्षेला उठक-बैठक. मराठीतही बैठका वेगळ्या आणि उठाबशा वेगळ्या. हा भेद आपण घरीदारी पाळावा. कान धरून उठाबशा काढायला लावलेल्या मुलाला बैठकीची गोडी कशी लागेल?

तेव्हा मुलांनो, पुढच्या वेळी मित्राला किती किलो हे विचारण्याआधी किती खाली, हे विचारा.

आपला,
मुख्याध्यापक