फेरफाराविना सात-बारा

बंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांच्या कामाचा दिवस व्हीपीएन सुरू करण्यापासून चालू होतो. घरचा संगणक कार्यालयाच्या जाळ्याला जोडणारा हा कुलूपबंद मार्ग. मार्च 2020 मध्ये दूरसंचार विभागाने घरून काम करण्याच्या अटी शिथिल केल्या, नोव्हेंबर 2020 मध्ये त्यांतील बऱ्याच कायमच्या काढून टाकल्या, आणि कार्यालयाचा दरवाजा घरोघरी आला. त्याची किल्ली कशी असावी हे मात्र कोणी ठरवले नाही. ते काम आपोआप व्हीपीएन विकणाऱ्यांकडे गेले. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

गेल्या काही वर्षांत लिनक्सच्या जगात 'इम्यूटेबल', म्हणजे अपरिवर्तनीय म्हणवल्या जाणाऱ्या प्रणाली रुळल्या आहेत. 2018 पासूनची फेडोरा सिल्व्हरब्लू ही त्यांतली प्रमुख. 2022 मध्ये आलेल्या स्टीम डेक या खेळयंत्रावरील स्टीमओएस त्याच पठडीतली. त्यांचे तत्त्व महसूल खात्यात काम केलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. सात-बारावर तलाठ्याने परस्पर लेखणी चालवायची नसते. आधी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद घ्यायची. हितसंबंधितांना नोटीस द्यायची. हरकत आल्यास ती ऐकायची. अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. आणि मगच तिचा अंमल सात-बारावर द्यायचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 चे सार एवढेच आहे. फेरफाराला इंग्रजी दप्तरात 'म्युटेशन' म्हणतात आणि 'इम्यूटेबल' हा शब्द त्याच कुळातला. तेव्हा अपरिवर्तनीय प्रणाली म्हणजे कधीच न बदलणारी नव्हे, तर फेरफाराविना न बदलणारी.

सिल्व्हरब्लूमध्ये 'यूएसआर' हा मूळ कप्पा चालू अवस्थेत केवळ वाचता येतो. त्यात भर घालायची असेल तर 'आरपीएम-ओएसट्री' या व्यवस्थेकडे रीतसर मागणी करावी लागते. ती चालू प्रणालीला हात न लावता शेजारी नवी प्रत तयार करते आणि संगणक पुन्हा सुरू झाला की त्या प्रतीचा अंमल होतो. काही बिघडलेच तर मागची प्रत शाबूत असते. एका आज्ञेने तिच्याकडे परतता येते. मुळात काय होते आणि मागाहून काय जोडले, याची यादी केव्हाही पाहता येते. ज्या कर्नाटकात आपण राहतो, त्या राज्याने 2000 च्या सुमारास 'भूमी' प्रकल्पात सुमारे 2 कोटी जमीन-उतारे संगणकावर आणले, तेव्हा बदल करणाऱ्याची ओळख बोटाच्या ठशाने पटवण्याची सोय केली होती. नोंद नाही तर बदल नाही, हाच तिथलाही नियम.

अशा संगणकावर व्यापारी व्हीपीएनचे सॉफ्टवेअर चढवायला गेले की काय होते? अडचणी बहुधा चार ठिकाणी येतात.

1. स्थापनेची आज्ञावली सर्वाधिकार मागते आणि थेट यूएसआरमध्ये लिहू पाहते. तिथे लिहिता येत नाही, म्हणून ती अर्ध्यावर थांबते.

2. काही उत्पादक कर्नेलमध्ये स्वतःचा तुकडा घालतात. कर्नेल बदलले की तो निकामी होतो, आणि सिक्युअर बूट चालू असल्यास स्वाक्षरीअभावी नाकारला जातो.

3. वापरणारा मग ते सॉफ्टवेअर टूलबॉक्ससारख्या कंटेनरमध्ये चढवतो. तिथे ते बसते, पण संगणकाच्या जाळ्याचे मार्ग बदलण्याचा अधिकार त्या कप्प्याला नसतो. त्यामुळे जोडणी होत नाही.

4. कधी जोडणी होते, पण कार्यालयातील यंत्रांची नावे सापडत नाहीत. फेडोराने ऑक्टोबर 2020 पासून नावे शोधण्याचे काम 'सिस्टमडी-रिझॉल्व्हड' कडे सोपवले आहे. जुन्या वळणाचे व्हीपीएन त्याला विचारत नाही. 'रिझॉल्व्ह-कॉन्फ' ही फाइल स्वतःच खोडून लिहिते, आणि दोघांच्या ओढाताणीत नावे हरवतात.

यांपैकी एकही दोष अपरिवर्तनीयतेचा नाही. परवानगी न घेता दप्तरात हात घालण्याची सवय लागलेल्या कारकुनाला दप्तर कुलपात सापडले, तर दोष कुलपाचा नसतो. महसूल संहितेचे कलम 155 लेखनप्रमाद दुरुस्त करण्यापुरते आहे. त्याचा आधार घेऊन मालकी हक्कच बदलण्याला आपण गैरव्यवहार म्हणतो. एक जोडणी करून देण्याच्या निमित्ताने संपूर्ण संगणकाचे सर्वाधिकार मागणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र आपण 'सुरक्षा' म्हणतो.

याहून विचित्र प्रकार पुढे आहे. काही व्हीपीएन जोडणीपूर्वी संगणकाची तपासणी करतात आणि प्रणालीचे नाव मान्य यादीत नसेल तर दार बंद ठेवतात. एका संस्थेच्या समितीचे कागद घरून पाहण्यासाठी मी परवानगी मागितली, तेव्हा मला असेच उत्तर मिळाले: प्रणाली अमान्य, सबब असुरक्षित. यादीतली एक प्रणाली अशी होती की जिला निर्मात्याकडून सुरक्षा-सुधारणा मिळणे केव्हाच थांबले होते. ती मान्य, कारण तिचे नाव यादीत होते. यादी कोणी केली, असे विचारल्यावर समजले की ती पुरवठादाराच्या माहितीपत्रकातून जशीच्या तशी उतरवली होती. सुरक्षेचा निर्णय संस्थेचा, पण लेखणी विक्रेत्याची! प्रशासनात याला अधिकारांचे हस्तांतरण म्हणतात, आणि ते लेखी आदेशाविना करता येत नाही.

यावर संगणक विभागांचे म्हणणे असते की, जगातल्या प्रत्येक प्रणालीची चाचणी घेणे आम्हाला शक्य नाही. हे म्हणणे खरे आहे, पण ते माझ्याच बाजूने जाते. प्रत्येक प्रणाली तपासावी लागू नये म्हणूनच खुली मानके असतात. आयकेईव्ही2 चे मानक प्रसिद्ध आहे. वायरगार्ड मार्च 2020 पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे. ओपनव्हीपीएन 2001 पासून चालत आले आहे. कार्यालयाचे द्वार यांपैकी एक भाषा बोलत असेल, तर सिल्व्हरब्लूच्या वापरकर्त्याला विक्रेत्याचे सॉफ्टवेअर लागतच नाही. नेटवर्क-मॅनेजरमध्ये जोडणीचा तपशील भरला की काम होते. एखादा घटक कमी असेल तर तो रीतसर फेरफाराने जोडता येतो. अनेक बड्या उत्पादकांच्या बंदिस्त द्वारांसाठीही 'ओपनकनेक्ट' हा खुला पर्याय आहे, मात्र तो वापरू देण्याची इच्छा कार्यालयाला हवी.

शासनाला यात पडता येत नाही, असेही नाही. 28 एप्रिल 2022 च्या आदेशाने सर्ट-इनने व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती 5 वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. कार्यालयांची अंतर्गत व्हीपीएन त्यातून वगळली गेली. म्हणजे नागरिकाची नोंद ठेवायला हुकूम निघतो, पण नागरिकाच्या संगणकात सर्वाधिकाराने शिरणाऱ्या सॉफ्टवेअरला कोणतीही शिस्त नाही. वास्तविक ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्राने 2010 मध्येच स्वीकारले आणि मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण 2015 मध्ये. धोरणे आहेत; निविदेच्या अटींत ती उतरत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. सरकारी असो वा खासगी, व्हीपीएन खरेदीच्या प्रत्येक निविदेत तीन अटी असाव्यात. द्वार किमान एका खुल्या मानकाने उघडले पाहिजे. विक्रेत्याचे सॉफ्टवेअर संगणकाच्या मूळ कप्प्यात काय बदलते, याची यादी त्याने लेखी द्यावी. आणि मान्य प्रणाली नावावरून न ठरवता गुणांवरून ठरवाव्यात: सुधारणा वेळेवर मिळतात का, मूळ कप्पा सुरक्षित आहे का, डिस्क कूटबद्ध आहे का.

वाचकांपैकी जे अशा प्रणाली वापरतात, त्यांना एवढेच सांगणे: काम अडले म्हणून मूळ कप्प्याचे कुलूप तोडू नका. तशी आज्ञा उपलब्ध आहे आणि घाईत ती दिली जाते, पण मग यादी आणि प्रत्यक्ष यांचा मेळ राहत नाही. त्याऐवजी आपल्या संगणक विभागाला एक लेखी प्रश्न विचारा: आपले द्वार कोणते मानक वापरते? उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवा. बंगळुरूत हे प्रश्न विचारणारे आणि या निविदा लिहिणारे यांत मराठी माणसे पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंनी सुरुवात करता येईल.