जवानाच्या मुलांचे शिक्षण : हक्क की देणगी?

वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी कारंजा (घाडगे) हा संत्रा, कापूस आणि सोयाबीन यांच्या बाजारभावावर जगणारा तालुका. नागपूर-अमरावती महामार्ग येथून जातो. परंतु अभियांत्रिकीचे वा परिचर्येचे शिक्षण घ्यावयाचे तर मुलामुलींना नागपूर, वर्धा किंवा अमरावती गाठावी लागते. कोरडवाहू शेतीला पूरक म्हणून अशा तालुक्यांतील तरुण पिढ्यान् पिढ्या सैन्यात जात आले. शिपाई वा हवालदार म्हणून तो पस्तिशी-चाळिशीत घरी परततो, आणि नेमका त्याच सुमारास त्याच्या मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्च दारात उभा राहतो.

शुल्काचा प्रश्न शासनाने काही अंशी सोडविला आहे, हे मान्य केले पाहिजे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील कुटुंबांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून व्यावसायिक शिक्षणाचे निम्मे शुल्क मिळते. याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शुल्क माफ झाले. पण शुल्क म्हणजे शिक्षण नव्हे. खोलीचे भाडे, खानावळ, पुस्तके, प्रवास यांचा खर्च कित्येकदा शुल्काहून जड होतो. ही उरलेली बाजू भरून काढण्यासाठीच माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी असलेल्या योजनांकडे पाहावे लागते.

या योजनांत दोन प्रमुख आहेत. पहिली, २००६-०७ पासून केंद्रीय सैनिक बोर्डातर्फे चालणारी पंतप्रधान शिष्यवृत्ती. तिच्यात २०१९ पासून मुलास दरमहा २,५०० आणि मुलीस ३,००० रुपये मिळतात. दुसरे, हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांसाठी पदवीपर्यंत मिळणारे शिक्षण अनुदान. ते वर्षानुवर्षे दरमहा १,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून २,००० झाले. वाढ स्वागतार्ह आहे. परंतु या योजनांचा पाया कोणता, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

पंतप्रधान शिष्यवृत्तीचा पैसा येतो राष्ट्रीय संरक्षण निधीतून, आणि हा निधी सर्वस्वी ऐच्छिक देणग्यांवर उभा आहे. शिक्षण अनुदानाचा पैसा येतो सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून, म्हणजे दरवर्षी ७ डिसेंबरच्या निमित्ताने शाळा-कचेऱ्यांत जमा होणाऱ्या वर्गणीतून. तोफा आणि विमाने अर्थसंकल्पातून खरेदी होतात. शिपायाच्या मुलीचे शिक्षण मात्र ध्वज विकून! देणाऱ्यांच्या सद्भावनेबद्दल आम्हांस आदरच आहे. तथापि ज्याच्या श्रमाची जबाबदारी राज्यसंस्थेवर आहे, त्याची मुले समाजाच्या औदार्यावर सोपविणे हा न्याय नव्हे.

देणगीचे स्वरूप आले की मर्यादाही ओघाने येते. पंचवीस लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या देशात पंतप्रधान शिष्यवृत्त्या वर्षाला ५,५००. बारावीस किमान साठ टक्के गुण हवेत, प्रवेश पहिल्या वर्षाचा हवा, आणि प्राधान्याचे सहा वर्ग. धारातीर्थी पडलेल्यांची मुले पहिल्या वर्गात असावीत, याविषयी दुमत नाही. पण इमानाने नोकरी पुरी करून सुखरूप परतलेला साधा शिपाई सहाव्या वर्गात उरतो.

हक्क ठरलेली सवलतसुद्धा किती सुरक्षित असते, याचा अनुभव ताजाच आहे. बांगलादेश युद्ध संपताच, १८ डिसेंबर १९७१ रोजी लोकसभेत घोषणा झाली, की युद्धात मृत, बेपत्ता वा अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाचा संपूर्ण भार सरकार उचलेल. २०१७ साली तिच्यावर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. ओरड झाली, नौदलप्रमुखांनीही पत्र लिहिले, तेव्हा मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा उठली. जनमताचा रेटा नसता तर संसदेतला शब्दही एका परिपत्रकाने आखूड झाला असता.

आता अग्निवीराकडे वळू. २०२२ च्या अखेरीस या योजनेच्या पहिल्या तुकड्या प्रशिक्षणास दाखल झाल्या. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतात. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. तो दर्जा नाही म्हणजे वर सांगितलेल्या योजनांचा दरवाजाही बंद. हातात पडणारा सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी मोठा वाटतो. पण त्यातील निम्मा वाटा त्याच्याच वेतनातून कापलेला असतो. एकवीस ते पंचवीस या वयात, जेव्हा खरे म्हणजे शिकावयाचे, तेव्हा हा तरुण पुन्हा रोजगाराच्या रांगेत उभा राहतो. अमेरिकेने १९४४ साली कायदा करून युद्धावरून परतणाऱ्या सैनिकालाच महाविद्यालयाचे शुल्क आणि निर्वाहखर्च दिला. कृष्णवर्णीय सैनिकांना त्यातून व्यवहारात पुष्कळसे वगळले गेले, आणि पुढे शिक्षणाच्या आशेनेच गरीब मुले लष्कराकडे ओढली जाऊ लागली, हेही विसरता येत नाही. पण सैनिकाच्या शिक्षणाचा हक्क कायद्यात बसविता येतो, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आणि आपल्याच जिल्ह्यातील पुलगावचे काय? ३१ मे २०१६ च्या पहाटे दारूगोळा भांडारास आग लागली, तीत सैनिकांबरोबर अग्निशामक कर्मचारीही मरण पावले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात कंत्राटी मजूर बळी पडले. दारूगोळा एकच, परंतु कायम जवान, अग्निवीर, मुलकी कर्मचारी आणि कंत्राटी मजूर यांच्या मुलांचे मोल चार प्रकारचे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. माजी सैनिकांच्या पाल्यांचे शिक्षणसाहाय्य अर्थसंकल्पातून द्या आणि संख्येची मर्यादा काढा. अग्निवीरास स्वतःच्या उच्च शिक्षणाचा खर्च द्या. लष्करी आस्थापनेत जीव गमावणाऱ्या कंत्राटी मजुराच्या मुलांनाही तोच हक्क द्या.

मागणी मान्य होईतो हाती असलेले मात्र सोडू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय वर्ध्यास आहे. कारंज्याच्या शेवटच्या गावातून तेथे जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडविणे. अर्ज ऑनलाइन असला तरी कागद तपासून शिफारस तेथूनच व्हावयाची. सेवापुस्तकात मुलाचे नाव चुकले, बँकखाते आधारशी जोडलेले नसले, की वर्ष हातचे जाते. कार्यकर्त्यांनी बारावीच्या निकालानंतर लगेच गावोगाव माजी सैनिकांची आणि सैनिकांच्या विधवांची यादी करावी, मुदतीपूर्वी अर्ज भरून द्यावेत, आणि तपासणीचे शिबिर तहसील कचेरीतच व्हावे, यासाठी तहसीलदारांकडे धरणे धरावे.

सैनिकाच्या मुलीला मिळणारा हक्क शेजारच्या शेतमजुराच्या मुलीपासून हिरावून घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. तो तिच्यापर्यंतही पोहोचला पाहिजे. मात्र ज्याच्या नावाने रोज जयजयकार होतो, त्याच्याच घरी तो पोहोचत नसेल, तर इतरांच्या घरी पोहोचविण्याच्या गप्पा कोणी मारू नयेत.