गॅदरिंग निवडतं, तास शिकवतो

डिसेंबर उजाडला की बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये गॅदरिंगची धावपळ सुरू होते. पंधरा दिवस तालीम, भाड्याचे कपडे, पेन ड्राइव्हवरची गाणी, एक रात्र स्टेज, आणि मग वर्षभर शांतता. या पंधरा दिवसांत निवड कुणाची होते? जो आधीपासून नाचतो, ज्याचा आवाज आधीच मोकळा आहे, जिच्या घरून कपड्यांचे पैसे येतात त्यांची. बाकीचे सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. आपली मुलं, आणि त्याहून जास्त आपल्या मुली, बहुतेक वेळा त्या सतरंजीवर असतात.

यात शिक्षकांना दोष देऊन भागत नाही. पंधरा दिवसांत कार्यक्रम उभा करायचा तर तयार मुलंच घ्यावी लागतात. म्हणून ‘गॅदरिंगमध्ये आमचीही दोन मुलं घ्या’ ही मागणी अपुरी आहे. नाट्य, संगीत आणि नृत्याचा तास वर्षभर, वेळापत्रकात, वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी हवा. गॅदरिंग निवडतं. तास शिकवतो.

गंमत म्हणजे हा तास कागदावर आहे. राज्य मंडळाच्या नववी-दहावीला ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा श्रेणीचा विषय आहे. श्रेणी शाळाच देते. ज्या मुलानं वर्षभरात एकही संवाद म्हटला नाही, एकही ताल धरला नाही, त्याच्याही गुणपत्रिकेत ‘अ’ येऊ शकतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं लिहिलं आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं या कायद्यातून सूट मिळाली. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांना ती नाही. आणि २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात चित्र-शिल्प, नाट्य, संगीत आणि नृत्य हे सगळं कला शिक्षणाचा भाग मानलं आहे.

तास झाला नाही तर नुकसान किती, हे गुणांच्या भाषेतही सांगता येतं. शास्त्रीय गायन-वादन, शास्त्रीय नृत्य, लोककला आणि चित्रकलेसाठी दहावीत वाढीव गुण मिळतात. चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट आपल्या शाळांतली मुलंही देतात, कारण ड्रॉइंगचे सर शाळेत असतात. पण शास्त्रीय संगीताच्या परीक्षा द्यायच्या तर अनेक वर्षांचा खासगी क्लास लागतो. बुलढाणा, खामगाव किंवा मलकापूरला क्लास सापडेलही. देऊळघाट, साखरखेर्डा किंवा डोणगावच्या मुलीनं कुठे जायचं? फी कोण देणार, आणि संध्याकाळी एकटीला पाठवणार कोण? तिच्यासाठी शाळा हीच एक जागा आहे.

आता आपल्या घरातला प्रश्न. ‘आपल्यात हे चालत नाही.’ हे वाक्य टाळून पुढे जाता येणार नाही, आणि त्याची थट्टाही करू नये. वाद्यांबद्दल उलेमांमध्ये जुना आणि खरा मतभेद आहे. मनाई करणारे हदीसचा आधार देतात. पण ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या, हजरत अबू बक्र यांनी त्यांना रागावलं, तेव्हा पैगंबरांनी ‘राहू द्या’ म्हटलं, हेही बुखारीतच आहे. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. चिश्ती सूफींच्या दर्ग्यांत कव्वाली पिढ्यानपिढ्या चालत आली. जिथे एवढे मोठे लोक एकमत नव्हते, तिथे आठवीच्या मुलीसाठी दार कायमचं बंद करण्याचा अधिकार आपण कुठून आणला? शिवाय लग्नाच्या वरातीत डीजे चालतो, मोबाइलवर रील चालतात, आणि शाळेतली पेटी मात्र चालत नाही, हा हिशेब जुळत नाही.

ज्यांना वाद्य नको, त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. पण त्यासाठी अख्खा तास रद्द करण्याची गरज नाही. उर्दू शाळांत हम्द आणि नात गायली जाते, बैतबाजी होते, तकरीर होते, ड्रामा होतो. हे सगळं आवाजाचं आणि अभिनयाचं शिक्षणच आहे. फक्त ते शिकवलं जात नाही, स्पर्धेपुरतं पाठ करून घेतलं जातं. नृत्याचं नाव काढलं की कपाळावर आठ्या येतात, पण युनिफॉर्ममध्ये, ओढणी कमरेला बांधून लेझीम खेळण्यात कुणाला काय अडचण असावी? ताल, पावलं, रांग, एकमेकांचं भान, सगळं त्यात आहे.

आणि हे सगळं परकं आहे, असं तर म्हणूच नका. खांसाहेब अब्दुल करीम खां यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. अल्लादिया खांसाहेबांनी केसरबाई आणि मोगूबाईंना घडवलं. मिरजेची सतार आणि तंबोरा घडवणारे हात पिढ्यानपिढ्या मुस्लिम कारागिरांचे आहेत. बार्शीत १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल ‘शाहीर अमर शेख’ झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे, गवाणकरांसोबत त्यांचा आवाज मराठी माणसाचा आवाज झाला. जिजाऊंचं सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात आहे. जिजाऊ जयंतीला शाळेत पोवाडा म्हणणारी मुलगी एखादी सानिया किंवा आयेशा का नसावी? पंधरा दिवसांच्या तालमीत भूमिका नाव आणि चेहरा बघून वाटल्या जाण्याचा धोका असतो. वर्षभराच्या तासात प्रत्येक मूल प्रत्येक भूमिकेत एकदा तरी उभं राहतं.

सुरुवात नाटकापासून करावी, असं मला वाटतं. त्याला पेटी-तबला लागत नाही, फार खर्च नाही, आणि आपल्या मुलांची सर्वांत मोठी अडचण तिथेच सुटू शकते. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी मुख्यतः पुस्तकातून भेटते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. कोड बरोबर लिहिलेला असतो, पण ‘हे असं का केलंस?’ विचारलं की मान खाली जाते. ही भीती बावीसाव्या वर्षी एका आठवड्याच्या ट्रेनिंगनं जात नाही. तेराव्या वर्षी जाऊ शकते. अर्थात नाटक नोकरीसाठी नाही. तहसीलमध्ये अर्ज देताना, ग्रामसभेत उठून बोलताना, नको असलेल्या स्थळाला नाही म्हणताना हाच आवाज लागतो.

तास कसा घ्यायचा? चाळीस मुलांचे आठ-आठचे पाच गट करा. पहिली दहा मिनिटं श्वास आणि उच्चार. मग ‘अक्षरभारती’तला एक धडा घ्या, प्रत्येक गटानं त्यातला एक प्रसंग संवादात बसवावा आणि उरलेल्या वेळात करून दाखवावा. पुढच्या आठवड्यात भूमिका बदला. मराठीचे शिक्षक हे करू शकतात; भाषेचा तासही वाया जात नाही.

आपण काय करू शकतो? शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत जा आणि विचारा: कलारसास्वादाचा तास आठवड्यात कधी असतो, कोण घेतं? माजी विद्यार्थी असाल तर महिन्यातून एक शनिवार द्या. भजनी मंडळातला पखवाजवाला किंवा कव्वालीतला ढोलकवाला गावातच असतो, त्याला मानधन देऊन बोलवा. नववी ते बारावीच्या मुलांसाठी केंद्र सरकारचा ‘कला उत्सव’ २०१५ पासून होतो, सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा असते. आपल्या शाळेनं प्रवेशिका भरली का, हेही विचारा.

प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर डिसेंबरच्या आधी आलं पाहिजे.