रिअ‍ॅक्टिव्हचा हट्ट कशासाठी?

ओरॅकलच्या हेलिडॉन या सुटसुटीत जावा फ्रेमवर्कने ऑक्टोबर २०२३मध्ये चक्क घूमजाव केलं. २०१८मध्ये आलेली त्याची ‘एसई’ आवृत्ती रिअ‍ॅक्टिव्ह म्हणून मिरवत होती. हेलिडॉन ४मध्ये मात्र नेटी या नेटवर्क लायब्ररीवर उभा असलेला सर्व्हर गेला आणि त्याजागी व्हर्च्युअल थ्रेडवर चालणारा नवा सर्व्हर आला. मायक्रोसर्व्हिस लिहिणाऱ्यांनी या माघारीची दखल घ्यायला हवी.

रिअ‍ॅक्टिव्हमागचं मूळ दुखणं खरंच होतं. एका रिक्वेस्टला एक थ्रेड द्यायचा आणि डेटाबेसचं उत्तर येईपर्यंत तो अडकून पडायचा, ही जुनी रीत. टॉमकॅटमध्ये अशा थ्रेडची मर्यादा, सेटिंग बदललं नाही तर, २००. मागची एक सेवा रेंगाळली की दोनशेच्या दोनशे अडकतात आणि तिच्यावर विसंबलेल्या सेवाही ठप्प होतात. टिम फॉक्स यांनी २०११मध्ये व्हीएमवेअरमध्ये सुरू केलेल्या व्हर्टएक्सने नोडजेएसचा कित्ता गिरवला: मोजके इव्हेंट लूप, आणि त्यांच्यावर कुणीही अडून बसायचं नाही. २०१७मध्ये स्प्रिंग ५ने वेबफ्लक्स आणून ही रिअ‍ॅक्टिव्ह वाट रुळवली.

पण असा कोड वाचायचा कुणी? चूक झाली की स्टॅक ट्रेसमध्ये फ्रेमवर्कच्याच ओळी दिसतात. आपला कोड शोधत बसावं लागतं. शिवाय जेडीबीसीचा एक ब्लॉकिंग कॉल चुकून इव्हेंट लूपवर गेला, की त्या लूपवरच्या सगळ्याच रिक्वेस्ट खोळंबतात. नेटफ्लिक्सने आपला झूल गेटवे नॉन-ब्लॉकिंग केला, तेव्हा त्याच्या अभियंत्यांनी २०१६मध्ये मोकळेपणाने लिहिलं की डीबगिंग अवघड झालं आणि कार्यक्षमतेत मोठा फरक पडला नाही. असंख्य कनेक्शन एकाच वेळी उघडी ठेवण्याचा हेतू मात्र साध्य झाला.

सप्टेंबर २०२३च्या जावा २१ने व्हर्च्युअल थ्रेड कायमस्वरूपी आणून हे गणित बदललं. व्हर्च्युअल थ्रेड उत्तराची वाट पाहू लागला की जेव्हीएम त्याला बाजूला ठेवते आणि खालचा खरा थ्रेड दुसऱ्या कामाला लावते. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये वाट पाहावी लागली, तर मात्र हा खरा थ्रेडही अडकून पडायचा. ती अडचणही मार्च २०२५च्या जावा २४ने बहुतांशी दूर केली.

डेटाबेसची कनेक्शन यामुळे वाढत नाहीत, ती मर्यादा राहतेच. शेअरभावांसारखा अखंड प्रवाह असेल आणि घेणाऱ्याला ‘जरा दमानं’ असं सांगायची सोय लागत असेल, तर रिअ‍ॅक्टिव्ह आजही उजवं ठरतं. नीट चाललेली वेबफ्लक्स सेवा मोडून नव्याने लिहिण्याचंही कारण नाही. पण ऑर्डर नोंदवणारी, बिल काढणारी नवी सेवा जावात लिहायची असेल, तर सरळ ओळीने वाचता येणारा कोड आधी लिहावा, त्यावर लोड टेस्ट करावी आणि तो कमी पडला तरच वेबफ्लक्सच्या मोनो-फ्लक्सच्या वाटेला जावं.